सातबारा ऑनलाइन झाला, फेरफार किती झाला? पायरीनिहाय चर्चा

बांधावरचा (धागाकर्ता)

१ मे २०१८ ला, महाराष्ट्र दिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. आता १५ रुपये भरले की उतारा हातात येतो. एवढ्यावरून 'महसूल खातं ऑनलाइन झालं' असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही.

उतारा म्हणजे नक्कल. नक्कल लवकर मिळते हे चांगलंच आहे, पण शेतकऱ्याचं खरं अडतं नोंदीपाशी. खातेदार वारला, वारस लागायचे आहेत. सोसायटीचं कर्ज फिटलं, बोजा उतरायचा आहे. अज्ञान मुलगा सज्ञान झाला, अपाक (अज्ञान पालक कर्ता) शेरा काढायचा आहे. ही सगळी कामं गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार (हक्कातल्या बदलांच्या) नोंदवहीत होतात. सरकारी सेवा किती सुधारली ते तिथे मोजायला हवं. किती उतारे डाउनलोड झाले यावरून ते कळणार नाही.

वारस नोंद हेच उदाहरण घेऊ. अर्ज करण्यापासून फेरफार मंजूर होईपर्यंत कोणती पायरी संगणकावर आहे, कोणती माणसाच्या हातात आहे आणि कुठे काय चुकतं? जाणकारांनी नेमकं लिहावं. 'सर्व्हर बंद होता' एवढ्यावर थांबू नका.

नमुना_सहा

चांगला विषय. आधी पायऱ्या मांडतो.

१. अर्ज ई-हक्क प्रणालीवर होतो. खातं उघडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि फेरफाराचा प्रकार 'वारस नोंद' घ्यायचा. मयताचं नाव हाताने टाइप करायचं नसतं. खाते क्रमांक टाकला की नावं समोर येतात, त्यातून निवडायचं. मग वारसांची पूर्ण नावं, वय, पत्ता, मयताशी नातं.

२. जोडायचं काय? मृत्यू दाखला, सर्व वारसांची माहिती असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वघोषणापत्र, ८अ चा उतारा (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा). रेशनकार्ड जोडलेलं बरं.

३. अर्ज तलाठ्याच्या (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) लॉगिनला पडतो. तो स्वीकारतो किंवा त्रुटी दाखवून परत पाठवतो.

४. स्वीकारला की नमुना ६ मध्ये नोंद धरली जाते, फेरफार क्रमांक पडतो आणि हितसंबंधितांसाठी नमुना ९ ची नोटीस तयार होते.

५. नोटीस बजावायची, हरकतीला १५ दिवस द्यायचे.

६. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा आपोआप बदलतो.

यातली १, ३, ४, ६ संगणकावर आहेत. पाचवी अजून पायी चालते. सगळं तिथेच तुंबतं.

कोकणकडा

पाचव्या पायरीबद्दल अधिक लिहितो, कारण कोकणात हा प्रश्न सर्वांत जास्त आहे.

सामाईक खात्यात वीस-पंचवीस नावं असणं आमच्या भागात नेहमीचं. निम्मे मुंबईत, काही सुरत-बडोद्याकडे, दोघा-तिघांचा पत्ताच ठाऊक नाही. नोटीस या सगळ्यांना जायला हवी. प्रणालीतून ती छापून निघते, पण बजावणी हाताने किंवा टपालाने होते. आणि बजावल्याची तारीख प्रणालीत भरल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्याला पुढे जाता येत नाही. म्हणजे एका माणसाची पोच आली नाही की अख्खा फेरफार थांबतो.

यावर अर्जदाराच्या हातात एक उपाय आहे. अर्जासोबतच सर्व सहखातेदारांचे सध्याचे पत्ते पिनकोडसह आणि मोबाइल क्रमांकांसह एका कागदावर लिहून जोडा. प्रणाली तो कागद मागत नाही, तरी द्या. पत्ते शोधण्यात तलाठ्याचे जे दिवस जातात ते वाचतात. जवळ राहणाऱ्यांना चावडीवर जाऊन नोटिसेवर सही करून यायला सांगा.

रानवाट

तरीही 'फक्त नक्कल ऑनलाइन झाली' हे धागाकर्त्याचं वाक्य अन्यायाचं आहे. खरेदीखताचं बघा. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती थेट तलाठ्याच्या लॉगिनला जाते. पूर्वी इंडेक्स दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या सारांशाची) प्रत घेऊन खरेदीदारालाच चावडीवर चकरा मारायला लागायच्या. नोंद कधी धरायची हे तलाठ्याच्या मर्जीवर असायचं. आता ती मर्जी उरलेली नाही. हा बदल नकलेचा नाही, नोंदीचाच आहे.

दुसरं, महसूलच्या साइटवरची 'आपली चावडी'. गाव निवडलं की त्या गावात कोणते फेरफार धरले आहेत, कोणत्या गटावर, कशाच्या आधारे आणि हरकतीची शेवटची तारीख कोणती, हे सगळं कोणालाही दिसतं. पैसे लागत नाहीत. जमीन गावाला आणि आपण शहरात असं ज्यांचं आहे त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा तिथे आपला गट नंबर बघावाच. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची असते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा. महिन्यातून एकदा बघून उपयोग नाही. खोट्या नोंदीवर वेळेत हरकत गेली तर प्रकरण नमुना ६अ ला, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. वेळ गेली तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. त्याला ६० दिवसांची मुदत आहे आणि वकिलाची फी आहे.

बांधावरचा

@रानवाट, खरेदीखताचा मुद्दा मान्य. नोंदणीकृत दस्तांपुरतं माझं विधान मागे घेतो. वारस, बोजा, शेरे या अनोंदणीकृत कामांपुरतं कायम ठेवतो.

@नमुना_सहा, ई-हक्कवरून अर्ज परत येतात ते साधारण कशामुळे?

नमुना_सहा

मुख्य कारणं तीन-चारच आहेत.

सर्वांत मोठं म्हणजे एकाच माणसाची एकाच गावात दोन-तीन खाती. एका गटावर 'रामचंद्र', दुसऱ्यावर 'रामा', तिसऱ्यावर भावांसोबत सामाईक. प्रत्येकाला वेगळा खाते क्रमांक. अर्जदार एकच खातं निवडतो, बाकीचे गट मयताच्याच नावावर राहतात आणि ते कळतं दहा वर्षांनी, विकायच्या वेळी. अर्जाआधी भूलेखवर (उतारे मोफत दाखवणारी सरकारी साइट) नावाने शोध घ्या. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे वेगवेगळे शोध करा आणि जितकी खाती सापडतील तितक्यांचे ८अ काढा. मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असा उल्लेख प्रतिज्ञापत्रात आधीच घाला.

दुसरं, मुलींची नावं वगळणं. 'बहिणींची तोंडी संमती आहे' याला नोंदीत काही अर्थ नाही. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर आधी तिचं नाव वारस म्हणून लागू द्या. मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. त्याचा फेरफार वेगळा होतो. हे दोन टप्पे एका अर्जात बसत नाहीत.

तिसरं, अस्पष्ट स्कॅन. मृत्यू दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे.

चौथं, आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलं विसरणं. मयताआधी एक मुलगा गेलेला असेल तर त्याचे वारसही यायलाच हवेत.

चिंचेखाली

मुलींच्या मुद्द्याला जोरात अनुमोदन. हे नुसतं तांत्रिक नाही. नाव लागलं नाही तर त्या बाईला नुकसानभरपाई, पीक कर्ज, भूसंपादनाचा मोबदला यातलं काहीच मिळत नाही. अर्जाच्या फॉर्मवर 'मयताला एकूण मुलगे किती, मुली किती' असा थेट रकाना सक्तीचा असावा असं मला मनापासून वाटतं.

सीमेवरचा

बेळगावकडची माहिती देतो, तुलनेला उपयोगी पडेल. कर्नाटकात 'भूमी' प्रकल्प २००० च्या सुमारास उभा राहिला. आमच्या सातबाऱ्याला पहाणी किंवा आरटीसी म्हणतात. तिथे सुरुवातीपासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मागचा अर्ज पुढे ओढायचा नाही. आणि कर्मचाऱ्याने बोटाचा ठसा दिल्याशिवाय प्रणाली उघडायची नाही, म्हणजे नोंद कोणी केली हे नाकारता येत नाही. हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर किंमतही काढून घेतली, त्यामुळे कागद आणि संगणक असे दोन खरे उरले नाहीत.

मराठी माणसाची अडचण वेगळी आहे. उतारा कन्नडमध्ये येतो. सातबारा वाचणाऱ्याला रकाने ओळखीचे वाटतात, पण नाव बरोबर लिहिलंय का ते तपासता येत नाही.

मांडवीकाठ

गोव्यात याला 'एक-चौदाचा उतारा' म्हणतात, फॉर्म एक आणि चौदा. तोही ऑनलाइन मिळतो. महाराष्ट्रातून गोव्यात जमीन बघणारे नेहमी 'इथला सातबारा दाखवा' म्हणतात, म्हणून लिहिलं. मालकीचा शोध मात्र एक-चौदावर थांबवू नका. पोर्तुगीज काळातली वर्णनपत्रं आणि इन्व्हेंटरीचे कागद बघावेच लागतात.

मोजणीदार

वारस लागले की लोक लगेच वाटपाकडे वळतात. तिथे संगणक एका वेगळ्या कारणाने अडवतो, ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वारस नोंदीत नावं सामाईक लागतात, प्रत्येकाचं वेगळं क्षेत्र पडत नाही. वाटप जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने होवो किंवा नोंदणीकृत वाटपपत्राने, वेगळं क्षेत्र तिथे लिहावं लागतं. संगणकाचा नियम असा की वाटणीची बेरीज मूळ क्षेत्राशी चौरस मीटरपर्यंत जुळली पाहिजे.

उदाहरण घ्या. गटाचं क्षेत्र १.००.०० (हेक्टर.आर.चौरस मीटर), म्हणजे १०,००० चौरस मीटर. तीन भाऊ. प्रत्येकी तिसरा हिस्सा म्हणून सगळे ०.३३.३३ लिहितात. बेरीज ०.९९.९९. एक चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पोतं अंथरायची जागा, कमी पडते आणि नोंद अडते. दस्त करतानाच एकाला ०.३३.३४ लिहायचं. आकाराचंही (शेतसाऱ्याचंही) तसंच. आकारणी २ रुपये ४१ पैसे असेल तर दोघांना ८० पैसे आणि तिसऱ्याला ८१. पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) असेल तर त्याची वाटणीही लिहायची, तो रकाना वेगळा आहे.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यात हा प्रश्न नव्हता, कारण हिस्से आणे-पैत लिहीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण. तिसरा हिस्सा म्हणजे ५ आणे ४ पै. १६ आण्यांच्या १९२ पै, त्यातल्या ६४. तंतोतंत बसतं, बाकी उरत नाही. संगणकाला हेक्टर-आर हवं, म्हणून हे सांधे दिसायला लागले.

रानवाट

@मोजणीदार, सुंदर समजावलंत. गुंठ्यांचाही घोळ यात जोडा.

मोजणीदार

हो, तो तर रोजचा. सातबाऱ्यावर आर असतो, बोलण्यात गुंठा. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठे म्हणजे एक एकर, आणि एकर हेक्टरमध्ये लिहायचा तर ०.४०.४७. लोक '४० गुंठे' म्हणून ०.४०.०० लिहितात. घेणाऱ्याचे सत्तेचाळीस चौरस मीटर गेले, म्हणजे पाचशे चौरस फूट. गावठाणालगतच्या जमिनीत तेवढ्यात एक घर उभं राहतं.

शिवार_२१

बेरजेवरून 'विसंगत सातबारा' आठवला. खूप जणांना ऑनलाइन उतारा काढताना 'या सर्वे नंबरचा डिजिटल सातबारा उपलब्ध नाही' असा संदेश येतो. त्यांना वाटतं साइट बिघडली. साइट ठीक असते, तो सातबाराच अडकलेला असतो.

हस्तलिखितावरून माहिती भरताना चुका झाल्या. त्या शोधायला ओडीसी नावाचे अहवाल आहेत. त्यातला पहिलाच अहवाल क्षेत्राचा, म्हणजे वर लिहिलेलं एकूण क्षेत्र आणि खाली खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही असे सातबारे. त्या यादीत गट असेल तर डिजिटल स्वाक्षरी होत नाही.

उपाय: जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज. सोबत संगणकीकरणाच्या आधीचा हस्तलिखित सातबारा आणि ज्या फेरफाराने ते क्षेत्र आलं त्याची नक्कल. चूक कुठल्या फेरफारानंतर शिरली ते अर्जात एका ओळीत लिहा, 'फेरफार क्रमांक अमुकपर्यंत क्षेत्र एवढं, त्यानंतर एवढं'. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा आदेश, त्या आदेशाचा फेरफार आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन, एवढं झालं की दुरुस्त. २०१७ च्या चावडी वाचनात (गावात सातबारे वाचून दाखवले तेव्हा) हे बऱ्याच गावांत निस्तरलं. जिथे वाचनाला खातेदारच आले नाहीत तिथे राहिलं.

कोकणकडा

१५५ बद्दल एक सावधगिरी. हे कलम लेखनातल्या किंवा सगळ्या हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुकीपुरतंच आहे. 'माझ्या आजोबांचं नाव तेव्हा लागायला हवं होतं' हा हक्काचा वाद आहे, लेखनप्रमाद नव्हे. तो १५५ मध्ये घातला तर आज आदेश मिळेलही, पण पुढे अपिलात तो टिकत नाही आणि मधली सगळी वर्षं वाया जातात.

आखाती_वारा

मी दुबईहून वाचतो आहे. भारतीय मोबाइल क्रमांक नसेल तर नोंदणीच होत नाही, ओटीपी इथे येत नाही. बाहेरच्या वारसाने काय करावं?

नमुना_सहा

@आखाती_वारा, वारस नोंदीसाठी सगळ्यांनी अर्ज करायची गरज नाही. कोणत्याही एका वारसाने केला तरी चालतो, तुमचं नाव त्यात असलं म्हणजे झालं. अर्ज दाखल झाल्यावर त्याची प्रत मागवून आपलं नाव, वय, नातं तपासा.

वाटप किंवा विक्रीसाठी मात्र मुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत चुकली की दंड पडतो. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा, तारखेचा तोच पुरावा असतो.

चिंचेखाली

डिजिटल सातबारा दाखवला तरी काही बँकांच्या शाखा तलाठ्याचा गोल शिक्का मागतात. यावर काय?

शिवार_२१

उताऱ्याच्या तळाशी छापलेलंच असतं की तो डिजिटल स्वाक्षरीत असल्यामुळे सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. त्या ओळीवर बोट ठेवा. क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो, तो साइटवर टाकला की मूळ उतारा दिसतो. शाखेतल्या संगणकावर तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा.

बऱ्याचदा गोंधळ पीडीएफमुळे होतो. स्वाक्षरीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतं आणि कर्मचाऱ्याला वाटतं सही खोटी आहे. ते प्रश्नचिन्ह एवढंच सांगतं की या संगणकाने सहीचं प्रमाणपत्र अजून ओळखलेलं नाही. सहीवर उजवं बटण दाबून सहीचे तपशील उघडा, प्रमाणपत्र दाखवा म्हणा, विश्वासार्ह यादीत जोडा आणि पुन्हा तपासा. हिरवी खूण येते.

आणि कृपा करून भूलेखवरचा मोफत उतारा बँकेत नेऊ नका. तो फक्त बघण्यासाठी आहे. त्यावर सही नसते, शासकीय कामाला चालत नाही. अर्धे वाद या दोन उताऱ्यांच्या गल्लतीतून होतात.

गावकुसाबाहेर

दुसरी एक गल्लत: महसूलचा '८अ' आणि ग्रामपंचायतीचा 'नमुना ८'. पहिल्यात खातेदाराची गावातली एकूण जमीन असते. दुसरी घरपट्टीची आकारणी यादी, तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतोच. तिथे स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका बनते. ड्रोन येण्याआधी प्रत्येक घराची हद्द चुन्याने आखायची असते. घरमालकाने त्या दिवशी हजर राहावं. चुना चुकला तर नकाशाही चुकतो. लोक परसातला गोठा, मोरी, जिन्याची पायरी विसरतात. चौकशीच्या वेळी ते सांगून नोंदवून घ्या.

कपाशी

बाराचं कोणी बोलत नाही! सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिकं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. माझ्या मते या सगळ्या बदलांतला हा सर्वांत धाडसी. पूर्वी पीक पाहणी बसल्या जागी व्हायची, मागच्या वर्षीचंच पीक पुढे उतरवलं जायचं. आता गटात उभं राहून फोटो काढावा लागतो आणि फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात.

चुका होतात त्या अशा. बांधावरच्या झाडाखाली उभं राहून फोटो काढला की जागा शेजारच्या गटात पडते. गटाच्या मध्याकडे जा, मोबाइल उघड्या आभाळाखाली मिनिटभर धरा आणि मग काढा. रेंज नसेल तरी माहिती शेतात भरता येते, अपलोड नंतर रेंजमध्ये येऊन करायचं. पण अ‍ॅप पुसून टाकलं किंवा मोबाइल बदलला तर न पाठवलेली माहिती जाते. आंतरपीक असेल तर 'मिश्र' निवडून दोन्हींचं क्षेत्र वेगळं लिहा. कापसात तूर असेल आणि फक्त कापूस लिहिला तर तुरीची हमीभावाची नोंदणी अडते. चूक झाली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते, नंतर नाही.

रानवाट

@कपाशी, सामाईक खात्यात कोणी एकाने पूर्ण क्षेत्र नोंदवलं की बाकीच्यांना क्षेत्रच उरत नाही, हेही लिहा. भावांनी आधी बसून कोण किती आर नोंदवणार ते ठरवावं.

कपाशी

बरोबर. आणि पड असेल तर 'पड' लिहाच. रकाना रिकामा सोडू नका.

चावडीजवळ

तलाठ्यांच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं. एका सज्यात (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात) अनेक गावं, त्यावर शेजारच्या रिकाम्या सज्याचा अतिरिक्त कार्यभार, वर निवडणूक, पंचनामे, शिधापत्रिका. फेरफाराचं काम डिजिटल सहीच्या डोंगलवर चालतं. त्याची मुदत संपली की नवं येईपर्यंत नोंद पुढे जात नाही. दिवसा सगळ्या राज्याचा भार एकदम पडतो, म्हणून पुष्कळ तलाठी रात्री बसून नोंदी धरतात. हे राज्यभर चालतं आणि कोणी दखल घेत नाही.

म्हणून @बांधावरचा, 'पाचवी पायरी माणसाच्या हातात' म्हणताना त्या हातांवर काय काय आहे तेही मोजा. नोटिशीचा टपाल खर्च, शिपायाची गाडी, हे पैसे सज्याला वेळेवर मिळाले तर आठ दिवस तिथेच वाचतील.

सीमेवरचा

याच्याशी शंभर टक्के सहमत. 'भूमी'तही मोजणीदार कमी पडले तिथे फेरफार अडलेच.

बांधावरचा

@चावडीजवळ, हे मी विचारात घेतलं नव्हतं. मनापासून आभार.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम चालली. मयत खातेदारांची गाववार यादी, वारसांची चौकशी, फेरफार, सगळं शिबिरासारखं. ही मोहीम घ्यावी लागली याचाच अर्थ सेवा ऑनलाइन असूनही हे फेरफार आपोआप होत नव्हते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, जमिनीची महसूलकडे. दोन्ही सरकारचीच दप्तरं, पण दाखला घेऊन इकडून तिकडे जातो तो वारस. मृत्यू नोंदला की त्या गावच्या तलाठ्याच्या लॉगिनला नुसती सूचना जावी, खरेदीखताची जाते तशी. माझी मागणी एवढीच आहे.

नमुना_सहा

मागणी रास्त आहे, एक अडचण सांगतो. मृत्यू नोंदवहीतलं नाव आणि खातेदाराचं नाव जुळवायला सामाईक ओळख लागते. सातबाऱ्यावर नुसतं नाव असतं. अ‍ॅग्रीस्टॅकमध्ये (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीत) शेतकरी ओळख क्रमांक देताना आधार आणि गट जोडले जात आहेत. तो दुवा पूर्ण झाला तर तुम्ही म्हणता तशी सूचना शक्य आहे. तोवर चुकीच्या माणसाच्या खात्यावर सूचना जाण्याचा धोका आहे. एका गावात एकाच नावाचे तिघे असतात.

कोकणकडा

कोकणात तर आडनावासकट तिघे.

मापनाबद्दल: फेरफाराच्या तीन तारखा आधीच प्रणालीत आहेत. अर्जाची, नोंद धरल्याची, प्रमाणित झाल्याची. तालुकावार या तीन तारखांमधलं सरासरी अंतर दर महिन्याला जाहीर करावं. तहसीलच्या दारावरच्या फळ्यावर लिहिलं तरी पुरे. नोटिशीत दिवस गेले की मंडळ अधिकाऱ्याकडे, हे लगेच दिसेल.

चिंचेखाली

या मागणीवर सही करायला मी तयार आहे. एक शेवटची शंका: फेरफार मंजूर झाला हे कसं ओळखायचं? फोन करून विचारावं लागतं का?

शिवार_२१

नाही. नवीन नमुन्यातला सातबारा काढा. त्यावर 'प्रलंबित फेरफार' आणि 'शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक' अशा दोन जागा आहेत. तुमचा क्रमांक पहिल्या जागी असेल तर अजून बाकी आहे. दुसऱ्या जागी आला आणि मयताच्या नावावर आडवी रेघ पडली की काम झालं. बोजाचंही तसंच, 'इतर हक्क' मधल्या त्या ओळीवर रेघ पडलेली बघा. आपण 'सातबारा कोरा' म्हणतो ना, तो कोरा झाला की नाही ते त्याच रकान्यात दिसतं. ही रेघ पडल्यावरच १५ रुपयांचा उतारा काढा. आधीच काढलात तर बँकेत पुन्हा नवा मागतील.